हवेतले अंतर आणि जमिनीवरचे अंतर

कराडच्या विमानतळाचा विषय निघाला की एक हिशेब हमखास मांडला जातो. कराड ते मुंबई सरळ रेषेत सुमारे 240 किलोमीटर, रस्त्याने 300 च्या वर. विमान सुरू झाले की तासाभरात मुंबई! हिशेब खोटा नाही. पण तो धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचा आहे. पाटण तालुक्यातल्या डोंगरकपारीत राहणाऱ्या माणसाच्या उंबरठ्यापासून हा हिशेब कोण मांडणार, असा आमचा सवाल आहे.

आजची स्थिती पाहा. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर सुमारे 300 किलोमीटर. चढणे, उतरणे धरून विमानाला साधारण तास लागतो. पण पाटणच्या माणसाला कोल्हापूरचा विमानतळ गाठायलाच शंभरावर किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो आणि तासभर आधी पोहोचावे लागते. म्हणजे विमानातला तास हा त्याच्या प्रवासाचा लहानसा तुकडा! 2016 साली 'उडान' योजना आली. हवाई चप्पल घालणाराही विमानात बसेल, असे पंतप्रधानांनी सांगितले. तासाभराच्या प्रवासाला काही जागांपुरती अडीच हजारांची मर्यादा ठरली. रोजंदारीवर जगणाऱ्या शेतमजुराला अडीच हजार म्हणजे किती दिवसांची मजुरी?

कराडची धावपट्टी 1950 च्या दशकात कोयना प्रकल्पाच्या कामासाठी झाली. धरण पाटण तालुक्यात बांधले गेले. त्या प्रकल्पाची वीजक्षमता आज 1,960 मेगावॅट आहे. ज्यांची गावे पाण्याखाली गेली ते मात्र पुनर्वसनासाठी 2018 सालीही कोयनानगरला ठाण मांडून बसले होते. विमानतळाच्या विस्ताराला परिसरातील शेतकऱ्यांनी विरोध केला, तो का केला, हे यावरून कळावे.

जुलै 2021 मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या, माणसे गाडली गेली. वाटा बंद झाल्याने मदत पोहोचायला उशीर झाला. 26 जुलैला तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर खराब हवामानामुळे कोयनानगरला उतरू शकले नाही, ते पुण्याला परतले. आकाशातून जवळ दिसणारा पाटण ऐन संकटात किती दूर असतो, हे त्या दिवशी दिसले.

अंतर केवळ किलोमीटरचे नसते, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. 1901 साली बाल भीमराव भावंडांसह साताऱ्याहून रेल्वेने मसूरला उतरले, वडिलांकडे गोरेगावला जायला. हे मसूर कराड तालुक्यातलेच. रेल्वेने त्यांना स्टेशनपर्यंत आणले, पण पुढे जात कळताच गाडीवाले तयार होईनात. दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकून जावे लागले. वाहन वेगवान झाले म्हणून प्रत्येकाचे अंतर कमी होत नाही.

विमानाला आमचा विरोध नाही. विज्ञानाची फळे आमच्याही ताटात पडली पाहिजेत, हीच आमची मागणी आहे. म्हणून आधी वाडीवस्तीपर्यंत बारमाही रस्ता द्या, वेळेवर एसटी आणि रुग्णवाहिका द्या, धरणग्रस्तांची बाकी चुकती करा. मग मुंबईचे तास मोजा. समाजबांधवांनीही विमानतळाच्या घोषणेला टाळ्या वाजवण्याआधी पुढाऱ्यांना एकच विचारावे : साहेब, हा तास कुणाच्या घरापासून मोजला?