अज्ञानाची सबब कोणाची ?

कायद्याचें अज्ञान ही सबब होऊं शकत नाहीं, हें वचन कचेरीच्या पायरीवर बसणारा अर्जलेखकहि जाणतो. तें वचन खरें आहे. तसें नसतें तर जो तो आपल्या सोयीप्रमाणें अज्ञानी झाला असता. परंतु या वचनास दुसरी बाजू आहे, व ती राज्यकर्त्यांस क्वचितच आठवते. ज्या कायद्याचें अज्ञान लोकांस क्षम्य नाहीं, तो कायदा लोकांस कळेल अशा रीतीनें सांगणें हें सरकारचें कर्तव्य आहे. जत तालुक्यांतील लहान दुकानदार व कारागीर यांची जी कुचंबणा होते, ती या दुसऱ्या बाजूच्या विस्मरणांतून उत्पन्न झाली आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हें मत केवळ आमचें नाहीं. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळानें 1923 सालीं अफूसंबंधीं एक कायदा ठराव करून संमत केला, पण तो प्रसिद्धच केला नाहीं. पुढें त्या कायद्याखालीं एका इसमास 50 रुपये दंड झाला. रक्कम लहान, पण तत्त्व मोठें; म्हणून हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. ‘हरला विरुद्ध राजस्थान राज्य’ या 1951 सालच्या निकालांत न्यायमूर्ति व्हिव्हियन बोस यांनीं तो दंड रद्द केला. कायदा अमलांत येण्यापूर्वीं तो लोकांस जाहीर झाला पाहिजे, ही नैसर्गिक न्यायाची मागणी आहे, असा त्या निकालाचा आशय आहे.

आजचे कायदे राजपत्रांत छापले जातात, म्हणून ते जाहीर झाले, असें सरकार म्हणेल. शब्दशः तें बरोबर आहे. पण उमदीच्या किंवा संखच्या बाजारपेठेंत राजपत्र कोण वाचतो ? आणि वाचावयाचें म्हटलें तरी केंद्राच्या अधिसूचना निघतात त्या इंग्रजींत व हिंदींत. आमच्या तालुक्याच्या पूर्व भागांत कित्येक घरांत कानडी बोलली जाते, कचेरींत मराठी चालते, आणि दंड बसतो तो तिसऱ्याच भाषेंतील कलमाप्रमाणें !

एक उदाहरण घेऊं. जत तालुक्याच्या दक्षिणेस अथणी व पूर्वेस विजापूर. म्हणजे येथील पुष्कळ गांवांस शेजारचें गिऱ्हाईक हें परराज्यांतील गिऱ्हाईक होय. समजा, हद्दीजवळचा एक कारागीर लोखंडी दारें-खिडक्या तयार करतो. वर्षाची उलाढाल पांच-सहा लाखांची. वस्तु व सेवा कर 1 जुलै 2017 पासून सुरू झाला, व मालाच्या व्यापारास 40 लाखांपर्यंत नोंदणीची सक्ति नाहीं, हें त्यानें ऐकलेलें आहे. ही सवलत 1 एप्रिल 2019 पासून आहे, व ती खरीहि आहे. परंतु ती राज्याच्या आंतील विक्रीपुरती ! त्यानें एक दार गाडींत घालून हद्दीपलीकडील गांवीं पोंचतें केलें, कीं तो आंतरराज्य व्यापारी झाला. आणि करपात्र मालाच्या अशा व्यापारास, कांहीं थोडे अपवाद सोडले तर, उलाढाल कितीहि अल्प असो, नोंदणी सक्तीची आहे. ठोक दरानें कर भरण्याची जी सुलभ योजना लहान व्यापाऱ्यांसाठीं आहे, तीहि हद्दीपलीकडे माल पाठविणारास मिळत नाहीं. नोंदणी चुकल्यास 10,000 रुपये अथवा चुकलेल्या कराइतकी रक्कम, यांपैकीं जी अधिक असेल तितका दंड. पुणें-मुंबईच्या लहान व्यापाऱ्यास ज्या नियमाची गांठ क्वचित पडते, तो जतच्या कारागिराच्या उंबऱ्याशीं येऊन बसला आहे. त्यास तो कोणीं सांगितला ?

दुसरें उदाहरण बेदाण्याचें. आमच्या जिल्ह्यांतील द्राक्षबागाईतदार आपल्या शेतावर बेदाणा तयार करून विकतो. त्यानें स्वतः विकलेल्या बेदाण्यावर कर लागत नाहीं, हा खुलासा कर परिषदेच्या जैसलमेर येथील बैठकींत 21 डिसेंबर 2024 रोजीं झाला. कर 2017 चा, खुलासा 2024 चा. ज्या प्रश्नाचें उत्तर स्पष्ट करावयास परिषदेसच सात वर्षें लागलीं, त्याचें अज्ञान बागाईतदाराच्या माथीं मारणें हा कोणता न्याय ?

आमचे कांहीं व्यापारी मित्र हें वाचून संतोष पावतील. त्यांस आम्ही सांगतों कीं, हा लेख त्यांच्या सर्वच चुकांवर पांघरूण घालण्यासाठीं नाहीं. तराजू तपासून त्यावर मुद्रा करून घेणें हें किचकट कलम नव्हे. तो सचोटीचा प्रश्न आहे. खोट्या मापानें जो नागवला जातो, तो बहुधा दुकानदाराहूनहि गरीब असतो. नोकरास आठवड्याची सुटी देणें, खाद्यपदार्थ विकणारानें आपली नोंद करणें, दुकानाच्या पाटीवर मराठी नांव लिहिणें, हीं कर्तव्यें समजण्यास वकील लागत नाहीं. पाटीचा नियम तर उदार आहे. 2022 च्या दुरुस्तीनें देवनागरी मराठी आरंभीं असावी व तिचीं अक्षरें इतर लिपींहून लहान नसावींत, इतकेंच सांगितलें आहे. तिच्याखालीं कानडी लिहिण्यास कोणाची आडकाठी नाहीं.

परंतु जो प्रामाणिकपणें चालूं इच्छितो, त्यालाहि वाट दिसत नाहीं, ही खरी आपत्ति आहे. मग तो मध्यस्थाकडे जातो. मध्यस्थ कागदावर सही घेतो व पैसे घेतो; काय भरलें तें सांगत नाहीं. नोंदणी झाली, पण व्यवहार शून्य असला तरी विवरणपत्र द्यावें लागतें, हें दुकानदारास विलंबशुल्क सांचल्यावर कळतें. कायद्याचें भय हें मध्यस्थाचें भांडवल आहे, आणि तें भांडवल सरकारच्या मौनानें त्यास पुरविलें आहे.

यासाठीं आमच्या मागण्या मोठ्या नाहींत. तालुक्याच्या ठिकाणीं बाजाराच्या दिवशीं कर, वजनमाप, कामगार व अन्न या खात्यांचा एकेक जाणता मनुष्य बसवावा. प्रत्येक खात्यानें दुकानदारास लागू असलेलीं कर्तव्यें एका पानावर, मराठींत व कानडींत, छापून द्यावीं. हद्दीवरील गांवांस आंतरराज्य विक्रीचा नियम प्रथम समजावावा, मग नोटीस काढावी. किरकोळ, सहज सुधारतां येणाऱ्या व निष्कपट चुकीबद्दल दंड करूं नये, असें वस्तु व सेवा कर कायद्याचें 126 वें कलमच सांगतें. जेथें कायद्यानें दंडाची रक्कम ठरवून दिली आहे, तेथें तें लागू नाहीं; पण जेथें लागू आहे, तेथें तें अधिकाऱ्यांनीं स्मरावें.

आणि दुकानदारांनींहि कांहीं करावें. पावतीवांचून एक पैसा देऊं नये. दंड मागणारास कलम विचारावें व आदेश लेखी मागावा. गाऱ्हाणें आपल्या भाषेंत लिहावें. केंद्रांत किंवा राज्यांत वापरल्या जाणाऱ्या कोणत्याहि भाषेंत तक्रार मांडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या 350 व्या कलमानें प्रत्येकास दिला आहे. एकट्यानें होत नसेल तर पेठेंतील दहा दुकानदारांनीं मिळून एक वही ठेवावी, व कोणता कागद केव्हां द्यावयाचा तें तींत लिहून ठेवावें.

जतचें संस्थान मार्च 1948 मध्यें मुंबई प्रांतांत विलीन झालें, व कालपर्यंतची प्रजा नागरिक झाली. हुकूम ऐकणें एवढेंच प्रजेचें काम होतें; नागरिकास कायदा पाळण्याबरोबर तो समजून घेण्याचाहि हक्क आहे. तो हक्क जोंवर पेठेंतल्या लहानांतल्या लहान दुकानापर्यंत पोंचला नाहीं, तोंवर अज्ञानाची सबब सांगण्याची पाळी दुकानदाराची नसून सरकारची आहे, असें आम्हांस म्हणावें लागतें.