विद्यार्थ्याला कोणी विचारले?

दहावीचा निकाल लागला की वाशीम जिल्ह्यातील घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो – पुढे काय? उत्तरे देणारे पुष्कळ असतात. मामा 'सायन्स घे' म्हणून बजावतात, शेजारी लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांची महती सांगतात. ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न, त्याला मात्र क्वचितच कोणी विचारतो.

शाळेने ते विचारावे, ही अपेक्षा नवी नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहा माध्यमिक शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक असावा, असे सुचविले होते. पुढे २०१६ साली राज्यात दहावीसाठी कलमापन चाचणी आली. उपक्रम स्तुत्यच; परंतु अहवालाचा कागद म्हणजे मार्गदर्शन नव्हे. तो समोर बसून समजावणारा माणूस लागतो.

आता सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निःसंदिग्ध निर्देश दिले आहेत. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवावा. वाशीमसाठी हे निर्देश विशेष मोलाचे आहेत. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिले, त्यांत हा जिल्हा होता. सोयाबीन बुडाले, कर्ज थकले, की घरातला ताण दप्तरातून वर्गात येतो. रिसोड-मानोऱ्याच्या खेड्यातले मूल तो कोणाजवळ बोलणार?

धोका वेगळाच आहे. एखाद्या गणिताच्या शिक्षकाच्या गळ्यात 'समुपदेशक' ही अतिरिक्त माळ घालायची, नोंदवही भरायची आणि निर्देशांचे पालन झाले म्हणायचे! जो गुण देतो, पालकांकडे तक्रार नेतो, त्याच्यापाशी मूल मन कसे मोकळे करील?

म्हणून सेवेची परीक्षा नोंदवहीवरून नव्हे, विद्यार्थ्याच्या समाधानावरून व्हावी. वर्षाअखेरीस त्याच्याकडून नाव न लिहिता तीन प्रश्नांची उत्तरे घ्यावीत : बोलायला वेळ मिळाला का? बोललेले गुप्त राहिले का? त्याचा उपयोग झाला का? पालक-शिक्षक संघाने ही उत्तरे मुख्याध्यापकांसमोर मांडावीत. यास मोठा निधी लागत नाही. लागते ती ऐकून घेण्याची तयारी. तोवर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावा.

मुलांना उपदेश करणारे घरोघरी आहेत. उणीव आहे ती ऐकणाऱ्यांची.