पेल्यातील पुरावा

गेल्या पावसाळ्यात आळंदच्या पेठेतील एका ओसरीवर, जिथे कानडी, मराठी आणि दखनी उर्दू एकाच संभाषणात सुखाने नांदतात, मी एक प्रयोग पाहिला. बाहेरगावाहून आलेल्या एका विक्रेत्याने काचेच्या पेल्यात पाणी घेतले, त्यात जखमेवर लावावयाच्या आयोडीनच्या औषधाचे चार थेंब सोडले, आणि पाणी तपकिरी होताच ‘हे तुमचे आजचे शरीर’ असे सांगून आपल्याजवळची कॅप्सूल फोडून तीतील भुकटी त्यात टाकली. दोनदा ढवळताच पाणी नितळ झाले. जमलेल्या पंधरा-वीस माणसांच्या तोंडून जो उद्गार निघाला, तो ऐकून मला त्या माणसांचा राग आला नाही. कारण डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवणे हा काही अपराध नव्हे. त्या दिवशी माझ्या शेजारच्या मावशींनी दोन हजार रुपयांची बाटली घेतली, आणि महिनाभराने त्यांच्या पायाची जखम चिघळली तेव्हा कळले की, बाटलीच्या खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी त्यांनी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या होत्या. “गुरुजी, हे आतला गंजच काढतंय म्हणं, मग साखरेच्या गोळ्या कशाला?” असे त्यांनी मला विचारले. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम पूर्णपणे मांडले पाहिजे, कारण ते अगदीच निराधार नाही. ज्या प्राणवायूवाचून आपण क्षणभर जगू शकत नाही, तोच पेशींमध्ये अन्न जाळताना काही अत्यंत दाहक कण निर्माण करतो. रसायनशास्त्रात त्यांना मुक्त मूलके म्हणतात, आणि ती स्निग्ध पदार्थ, प्रथिने व आनुवंशिक द्रव्य यांना इजा करतात. घाण्यावरून आणलेले करडईचे तेल उघड्या भांड्यात राहिले म्हणजे खवट होते, त्याच जातीची ही क्रिया होय. डेनम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1956 साली वार्धक्याचे मूळच या मूलकांत असल्याचा सिद्धांत मांडला. 1970 साली लायनस पॉलिंग यांनी, ज्यांच्या पदरी दोन नोबेल पारितोषिके होती, सर्दी-पडशावर क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. शिवाय फळे-भाजीपाला भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकार व कर्करोग कमी आढळतात, अशी निरीक्षणे देशोदेशी नोंदली गेली. एवढ्या सामग्रीवरून, भाजीतील जे द्रव्य खवटपणा रोखते ते गोळीतून दिले असता देहाचाही गंज रोखील, असे अनुमान कोणी केले तर त्याला आपण भाबडा म्हणू शकत नाही.

परंतु अनुमान हा पुरावा नव्हे, आणि पेल्यातील पाणी तर नव्हेच. आयोडीनला क जीवनसत्त्व भेटले की त्याचे आयोडाइड होते व रंग जातो. एवढीच ती क्रिया. मी घरी येऊन तसाच पेला भरला आणि त्यात अर्धे लिंबू पिळले. पाणी तितकेच नितळ झाले. आळंदच्या बाजारात त्या लिंबाची किंमत काय, हे मी सांगावयास नको. पेल्यात आतडी नाहीत, यकृत नाही, नको ते बाहेर टाकणारी मूत्रपिंडे नाहीत. देहात गेलेले फाजील क जीवनसत्त्व बहुतांशी लघवीवाटे निघून जाते. काचपात्रात मोजलेल्या प्रतिऑक्सिडीकारक, म्हणजे मूलकांना रोखणाऱ्या, शक्तीचे एक मोठे कोष्टक अमेरिकेच्या शेतकी खात्याने अनेक पदार्थांसाठी तयार केले होते; त्या आकड्यांचा मनुष्यदेहातील परिणामांशी मेळ बसत नाही आणि व्यापारी त्यांचा दुरुपयोग करतात, हे ध्यानी येताच 2012 साली त्याच खात्याने ते मागे घेतले.

दुसरी चूक याहून खोल आहे. दाहक कण म्हणजे निव्वळ शत्रू, हे गृहीतच चुकीचे आहे. अग्नी चुलीत असला म्हणजे भाकरी भाजतो, गंजीला लागला म्हणजे कडबा जाळतो. म्हणून कोणी घरातील चूल विझवून ठेवीत नाही. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळल्यावर ह्याच दाहक कणांचा मारा करून त्यांना ठार करतात, आणि ज्या मुलांत ही शक्ती जन्मतः नसते ती वारंवार गंभीर जंतुसंसर्गाला बळी पडतात. व्यायामाने होणारा लाभही काही अंशी या कणांच्या हाकेवरच अवलंबून आहे: जर्मनीत झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या तरुणांच्या शरीरात, इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची जी सुधारणा व्यायामाने व्हावयास हवी होती, ती झाली नाही. मधुमेहाच्या रुग्णाला ‘गंज काढणारी’ बाटली विकणाऱ्याने हे वाक्य दोनदा वाचावे अशी माझी इच्छा आहे.

आता खरा फैसला जिथे झाला तिकडे वळू. फिनलंडमध्ये 50 ते 69 वर्षांच्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गटांत वाटून, काहींना गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, तर काहींना नुसत्या दिखाऊ गोळ्या पाच ते आठ वर्षे देण्यात आल्या. कोणाला काय मिळते हे घेणाऱ्यालाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. फुप्फुसाचा कर्करोग घटेल या अपेक्षेने मांडलेला हा प्रयोग 1994 साली प्रसिद्ध झाला तेव्हा दिसले की, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत तो कर्करोग 18 टक्क्यांनी अधिक होता. अमेरिकेत 18,314 लोकांवर चाललेला, बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व एकत्र देणारा तसाच प्रयोग जानेवारी 1996 मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. तेथे हा आकडा 28 टक्के निघाला. पुढे 35 हजारांवर पुरुषांवरील प्रयोगात ई जीवनसत्त्वाने पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग वाढल्याचे 2011 साली दिसून आले. ज्यांनी हे प्रयोग केले ते गोळ्यांचे वैरी नव्हते. त्यांची आशा विक्रेत्याइतकीच दृढ होती, आणि तरीही त्यांनी निकाल दडवला नाही. यालाच मी विज्ञानाचे शील म्हणतो.

मग भाजीपाला खाणारे निरोगी का, या प्रश्नाचे एक उत्तर असे की, तो खाणारा मनुष्य बहुधा तंबाखू कमी ओढतो, अधिक चालतो, आणि त्याच्या ताटात तंतू, पोटॅशियम व शेकडो अन्य द्रव्ये असतात. त्यांतील एकच वेचून गोळीत भरल्याने ताट होत नाही.

येथवर खंडन झाले. पण जीवनसत्त्वे निरुपयोगी, असा याचा अर्थ कोणी काढील तर तो आमच्याच मुलुखाच्या इतिहासाला विसरेल. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब रयतेत पेलाग्रा नावाचा रोग होता: उन्हात उघडी राहणारी मान, हात आणि पाय काळवंडून सोलत, जुलाब लागत, आणि अखेर बुद्धीला भ्रम होई. आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हैदराबादच्या संस्थेचे डॉ. सी. गोपालन व त्यांचे सहकारी श्रीकांतिया यांनी 1960 साली या रोगाचा ज्वारीतील ल्युसिन या घटकाशी संबंध जोडला. आणि नायसिन या जीवनसत्त्वाने असे रुग्ण थोड्याच दिवसांत सुधारतात, हे वैद्यकास पूर्वीच ठाऊक होते. उणीव आहे तेथे गोळी अमृत आहे. त्याचप्रमाणे डोळ्याच्या पडद्याच्या एका विशिष्ट वार्धक्यविकारात, तो मध्यम अवस्थेला पोचला असता, ठरावीक मात्रांचे मिश्रण त्याची वाढ मंदावते, हेही फिनलंडसारख्याच कसोटीवर सिद्ध झाले आहे. उणीव नसलेल्या देहात तेच द्रव्य ओतणे मात्र भरल्या विहिरीत घागर रिकामी करण्यासारखे आहे.

आणि देह निःशस्त्र नाही. 1969 साली मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी दाखवून दिलेले, या दाहक कणांना शमवणारे एक विकर आपल्या पेशी स्वतःच बनवतात. गिळलेले जीवनसत्त्व कणाशी झुंजताना स्वतः खर्ची पडते, हे विकर मात्र काम करून पुन्हा कामाला उभे राहते. त्याला लागणारे तांबे, जस्त आणि मँगेनीज आमच्या तुरीच्या वरणात, तिळात, ज्वारीच्या भाकरीत आहेत. करडईच्या तेलात ई जीवनसत्त्व आहे, शेवग्याच्या पाल्यात आणि पेरूत क आहे. ज्याला खरोखरच दाह कमी करावयाचा आहे त्याने आधी दाह कोठून येतो ते पाहावे. मावशींच्या स्वयंपाकघराचे आढे धुराने काळे आहे, कारण पाणी तापवायला त्या आजही तुराट्याच जाळतात. त्यांचे यजमान दिवसाला विडीचा एक कट्टा संपवतात. आणि मावशींच्या रक्तातील साखर वर्षभर कोणी मोजली नव्हती. या तिन्हींवर एकही कॅप्सूल चालत नाही, आणि तिन्हींवर इलाज उपलब्ध आहे.

मावशींच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत आणि जखम भरत आली आहे. ती बाटली मी मागून घेतली व भिंग लावून तिच्यावरचा मजकूर वाचला. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अशा प्रत्येक बाटलीवर एक ओळ छापणे बंधनकारक आहे, आणि ती ओळ इंग्रजीत तेथे होती. तिचा अर्थ ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असा आहे. आळंदच्या, आणि आळंदसारख्या प्रत्येक कसब्याच्या वाचकांना माझी एवढीच विनंती आहे की, यापुढे ओसरीवर कोणी पेला मांडला तर पैसे काढण्याआधी त्याला ती ओळ शोधून, मोठ्याने, आपल्या भाषेत वाचून दाखवावयास सांगा.