मालिकेचा सातबारा



कपाशी, तूर आणि दुभती जनावरे हे आपल्या सदराचे नेहमीचे विषय. आज जरा घरातल्या पोरासोरांकडे वळू. घरात एखादे पोर असे असतेच, की आवडत्या मालिकेचा भाग संपला की वही काढून काहीबाही टिपत बसते. मग वडील गरजतात, "हे लिहून का पोट भरणार आहे?" आजचा मजकूर त्या वडिलांसाठी आहे.

अमेरिकेत १२ जानेवारी १९६६ रोजी एबीसी या वाहिनीवर 'बॅटमॅन' ही मालिका सुरू झाली. वटवाघळाचा वेश करून गुंडांचा बंदोबस्त करणारा हा वीर. बॅटमॅन झाले अ‍ॅडम वेस्ट आणि त्याचा जोडीदार रॉबिन झाले बर्ट वॉर्ड. सुरुवातीला आठवड्याला दोन भाग दाखवीत. बुधवारी ही जोडी सापळ्यात अडकायची, ती गुरुवारी सुटायची. मधली एक रात्र मुलांनी कशी काढली असेल, ते आपणच ओळखा! एकूण १२० भाग होऊन १४ मार्च १९६८ रोजी मालिका संपली.

दुसरी एक वाहिनी ती पुढे चालवायला तयार झाली होती. पण तोवर बॅटमॅनच्या गुहेचा देखावा मोडून टाकलेला होता, असे सांगतात. बियाणे विकून खावे आणि दुसऱ्या दिवशी पाऊस पडावा, तशी गत झाली. पुढे लोक मालिका विकत घेऊन घरी पाहू लागले. ही मालिका मात्र हक्कांच्या वादात अडकली. मालिका काढणारी कंपनी एक, पात्रांची मालक दुसरी. बांधावरून भाऊबंद भांडावेत आणि रान पडीक राहावे, तसे झाले. सगळे भाग रीतसर विक्रीला आले ते २०१४ साली. तोपर्यंत दूरचित्रवाणीवर पुन्हा लागतील तेव्हाच पाहायचे.

या पडीक काळात चाहत्यांना आधार झाला एका पुस्तकाचा. जोएल आयस्नर यांनी १९८६ साली 'द ऑफिशियल बॅटमॅन बॅटबुक' हे पुस्तक काढले. त्यात भागवार गोष्ट आहे, कोणी काय काम केले ते आहे, आणि कलावंतांच्या मुलाखतीही आहेत. मालिकेचा सातबाराच म्हणा ना!

याचा उपयोग काय, म्हणाल? एक उदाहरण घ्या. मिस्टर फ्रीझ हा बर्फाचा खलनायक. तो पहिल्यांदा जॉर्ज सँडर्स यांनी केला, मग ऑटो प्रेमिंजर यांनी आणि नंतर ईलाय वॉलक यांनी. तिघांनी तीन वेगवेगळे भाग पाहिले असतील, तर तिघे भांडतील आणि तिघेही खरे ठरतील. असा वाद नुसत्या आठवणीवर मिटत नाही, त्याला नोंदच लागते.

दुसरे असे, की चांगली नोंद नजर तयार करते. जोकरचे काम करणारे सीझर रोमेरो मिशी काढायला तयार नव्हते. मग मिशीवरूनच पांढरा रंग फासला. हे एकदा कळले, की मिशी साफ दिसू लागते. पान उलटून पाहा म्हणून सांगितले, की मावा दिसतो ना, तसेच हे. आणखी एक गोष्ट आमच्या कापूसवाल्या भगिनींसाठी. शेवटच्या वर्षी कॅटवुमन झालेल्या अर्था किट यांचा जन्म दक्षिण कॅरोलायनातल्या कापसाच्या मुलखात, गरिबीत झाला होता. पडद्यावरच्या त्या ऐटबाज बाईमागे हे जिणे आहे, हे नुसती मालिका पाहून कसे कळावे?

आता आपल्याकडे या. दूरदर्शनवर १९९७ साली 'शक्तिमान' सुरू झाली. मुकेश खन्ना यांच्यासारखी गरगर गिरकी घेणारी तेव्हाची मुले आज स्वतः आईबाप आहेत. कोणत्या भागात काय झाले, हे त्यांना विचारून पाहा. निम्मे आठवेल, निम्म्यावर वाद होईल.

तेव्हा पोराची वही फाडू नका. उलट बसून चार रकाने आखून द्या: तारीख, चार ओळींत गोष्ट, काम कोणी केले आणि आपल्याला काय पटले नाही. स्वतः पाहिलेले एका शाईने आणि ऐकलेले दुसऱ्या शाईने लिहायला सांगा. पीकपाहणीची आमची रीत हीच आहे. आज मालिकेची नोंद नेटकी ठेवणारे पोर उद्या पेरणीची तारीख, बियाण्याची जात आणि खताची मात्राही नेटकी लिहील. आणि जाता जाता एक विचारतो: गेल्या हंगामात आपण कोणते वाण कोणत्या तारखेला पेरले, हे घरात कुठे लिहिलेले आहे का? नसेल, तर पोराकडून त्याच वहीची चार पाने मागून घ्या.