आत्मविश्वास घडतो कसा?

महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ३० ऑक्टोबर २०२५ रोजी ऑस्ट्रेलियाने भारतापुढे ३३९ धावांचे लक्ष्य ठेवले, तेव्हा महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढा पाठलाग कोणत्याही संघाला साधलेला नव्हता. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने ४८.३ षटकांत पाच गडी गमावून ३४१ धावा केल्या. भांडुपमध्ये जन्मलेली जेमिमा रॉड्रिग्ज १३४ चेंडूंत १२७ धावा काढून नाबाद राहिली.

सामन्यानंतर डोळे पुसत तिने जे सांगितले, ते मात्र धावफलकात मावणारे नव्हते. स्पर्धेदरम्यान ती तीव्र अस्वस्थतेतून जात होती. जवळपास रोज रडत होती, सामन्यांपूर्वी आईला फोन करून मन मोकळे करत होती. ज्या खेळीकडे अढळ आत्मविश्वासाचा नमुना म्हणून पाहिले गेले, ती खेळणारीच आतून हादरलेली होती. या विसंगतीमुळे खेळाडूच्या आत्मविश्वासाबद्दलचे काही रूढ समज तपासून पाहणे आवश्यक ठरते.

पुराव्याचे बळ

आत्मविश्वास हा जन्मजात गुण आहे, तो काहींकडे असतो आणि काहींकडे नसतो, असा सार्वत्रिक समज आहे. मानसशास्त्र तसे मानत नाही. आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, एखादे विशिष्ट काम आपण करू शकतो ही भावना चार गोष्टींतून आकाराला येते. स्वतः मिळवलेले यश, आपल्यासारख्या इतरांचे पाहिलेले यश, विश्वासातल्या माणसांनी दिलेला धीर आणि शरीर-मनाच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ, हे ते चार स्रोत. यांत स्वतःच्या यशाचा पुरावा सर्वांत प्रभावी. नुसत्या 'तू करू शकतेस' या घोषणेला त्याची सर येत नाही.

जेमिमाची स्पर्धा या चौकटीत पाहिली की बरेच उलगडते. श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ती शून्यावर बाद झाली. पुढे इंदूरमधील इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला वगळण्यात आले. संघाबाहेर बसण्याचा खरा फटका येथेच असतो. खेळायलाच मिळाले नाही, तर क्षमतेचा नवा पुरावा गोळा करण्याची वाट बंद होते आणि मनात उरते ते शेवटचे अपयश. तिच्या बाबतीत ही वाट लगेच पुन्हा उघडली. पुढच्याच सामन्यात, न्यूझीलंडविरुद्ध, तिसऱ्या क्रमांकावर येऊन तिने ५५ चेंडूंत नाबाद ७६ धावा काढल्या. मैदान तेच, डी. वाय. पाटील. आठवड्याभरात उपांत्य सामना आला. तिसऱ्या क्रमांकावर जायचे आहे हे तिला जेमतेम पाच मिनिटे आधी कळले. तरीही हाताशी ताजा पुरावा होता.

दुसरा आधार माणसांचा. आपल्या मनःस्थितीची कल्पना असलेल्या, जवळ येऊन बसणाऱ्या सहकाऱ्यांचा जेमिमाने आवर्जून उल्लेख केला. त्यांत अरुंधती रेड्डी होती, सांगलीची स्मृती मानधना होती आणि कांदिवलीत वाढलेली राधा यादवही. कर्णधार हरमनप्रीत कौरसोबत १६७ धावांची भागीदारी झाली. पुढे थकवा जाणवू लागला, तेव्हा दीप्ती शर्मा प्रत्येक चेंडूगणिक तिच्याशी बोलत राहिली. दैवाचीही साथ होती. ८२ धावांवर तिचा झेल सुटला. म्हणजे या खेळीचे सारे श्रेय 'मनोबला'ला देणेही एकांगीच ठरेल. मात्र सुटलेल्या झेलाचे सोने करायला खेळपट्टीवर टिकून राहावे लागते.

वगळल्यानंतरचे दिवस

मुंबईच्या उपनगरांना ही कहाणी नवी नाही. बोरिवलीच्या शाळेत दिनेश लाड यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेला रोहित शर्मा आधी ऑफस्पिनर म्हणून त्यांच्या नजरेत भरला होता. २०११ च्या विश्वचषक संघातून त्याला वगळले गेले. जानेवारी २०१३ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्ध सलामीला पाठवल्यावर त्याने ८३ धावा केल्या, त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स करंडकात ती जागा पक्की झाली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये ईडन गार्डन्सवर त्याने २६४ धावांचा विश्वविक्रम केला. गुणवत्ता आधीही होतीच. तिला नेमकी भूमिका आणि ती निभावण्याइतका अवधी मिळाला, हा फरक होता. जेमिमालाही २०२२ च्या विश्वचषकासाठी निवडले नव्हते. फेब्रुवारी २०२३ मध्ये केपटाऊनला पाकिस्तानविरुद्ध नाबाद ५३ धावा काढून तिने टी-२० विश्वचषकातील सामना जिंकून दिला.

अस्वस्थता आणि आत्मविश्वास ही परस्परविरोधी टोके आहेत, हा दुसरा समजही तपासायला हवा. धडधड वाढणे, तळहात घामेजणे हे भीतीचे लक्षण मानायचे की शरीराच्या सज्जतेचे, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. महाराष्ट्रात हा विचार रुजवण्याचे मोठे काम नाशिकचे भीष्मराज बाम यांनी केले. पोलीस सेवेतून क्रीडा मानसशास्त्राकडे वळलेल्या बाम यांनी नेमबाज अंजली भागवत यांच्यासह अनेक खेळाडूंना मार्गदर्शन केले आणि 'विजयाचे मानसशास्त्र' हे पुस्तक लिहून तो विषय मराठी वाचकांपर्यंत आणला. मनाचीही शरीरासारखीच रोजची तालीम असते, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

मैदानापासून घरापर्यंत

राष्ट्रीय संघाला आज मानसतज्ज्ञांचे साह्य मिळू शकते. शालेय आणि क्लबच्या पातळीवर ते अपवादानेच दिसते. बोरिवली किंवा मुलुंडहून पाठीवर किटबॅग घेऊन गर्दीच्या लोकलने आझाद मैदान गाठणारा बारा-तेरा वर्षांचा मुलगा निवड चाचणीत मोजके चेंडू खेळतो आणि यादीत नाव नसल्याचे पाहून परततो. नाव का नाही, हे त्याला बहुधा कुणी सांगत नाही. घरी पोहोचल्यावर पहिला प्रश्न असतो, "किती काढल्यास?" कारण न कळलेला नकार आणि केवळ धावांवर मोजली जाणारी किंमत, या दोहोंतून मूल एकच निष्कर्ष काढते: आपल्यात काही नाही.

यावरचे सगळेच उपाय खर्चिक नाहीत. वगळताना प्रशिक्षकाने कारण आणि सुधारणेचा मार्ग सांगणे, त्या खेळाडूला लवकरच लहानमोठ्या सामन्यात पुन्हा संधी देणे, संघटनांनी वयोगट स्पर्धांच्या काळात समुपदेशक उपलब्ध करणे आणि पालकांनी धावांआधी "आज खेळताना कसे वाटले?" असे विचारणे, एवढे तरी निश्चित शक्य आहे. जेमिमाला रडण्यासाठी आईचा फोन होता आणि परतण्यासाठी पुढचा सामना होता. भांडुप ते बोरिवली पट्ट्यातील किती मुलांच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी येतात, हा प्रश्न विश्वविजेतेपदाच्या जल्लोषानंतरही शिल्लक आहे.