लोखंडाचे वजन आणि ग्लुऑनांचा प्रश्न

रायपूरच्या उरला औद्योगिक क्षेत्रात पोलादाचा हिशेब टनांत होतो. त्या वजनाचे मूळ मात्र कोणत्याही काट्यावर दिसत नाही. लोखंडाचे जवळजवळ सारे वस्तुमान केंद्रकातील प्रोटॉन-न्यूट्रॉनांचे असते. त्यांच्यातील क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानांची बेरीज केली, तर ती जेमतेम १ टक्का भरते. बाकीचे वस्तुमान येते ते क्वार्कांच्या गतीतून आणि त्यांना जखडून ठेवणाऱ्या ग्लुऑनांच्या ऊर्जेतून.

हे ग्लुऑन जड केंद्रकात कसे वागतात? जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये शिशाची दोन केंद्रके न आदळता अगदी जवळून जातात, तेव्हा एकाच्या विद्युतक्षेत्रातील फोटॉन दुसऱ्यातील ग्लुऑनांचा ठाव घेतो आणि जे-साय नावाचा कण जन्मतो. सीएमएस व ॲलिस या प्रयोगांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, ऊर्जा वाढूनही या कणांची वाढ अपेक्षेपेक्षा बरीच मंदावलेली आढळली. दाटीमुळे ग्लुऑन परस्परांत विलीन होतात, की केंद्रकातील शेजारी एकमेकांना झाकोळतात, याचा निवाडा अद्याप झालेला नाही.

या शोधात भारत केवळ प्रेक्षक नाही. सीएमएसच्या बाह्य हॅड्रॉन कॅलरीमापकाच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. ॲलिसमधील फोटॉन मोजणारे उपकरण भारतीय गटांनी घडवले. कोलायडरचे अजस्र चुंबक अचूक जागी बसवणारे सुमारे ७००० जॅक भारताने पुरवले. २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

तरीही अशी बातमी आली की ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न येतोच, आणि उत्तरादाखल वर्ल्ड वाइड वेबचा दाखला पुढे केला जातो. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. पदार्थाला वजन कशामुळे येते, हे जाणणे हेच या संशोधनाचे प्रयोजन आहे; ते संकोच न बाळगता सांगितले पाहिजे.

पैसा जनतेचा असेल, तर हा प्रश्नही मोजक्या संस्थांपुरता राहू नये. सीएमएसने २०१४ पासून आपल्या विदेचे टप्प्याटप्प्याने खुले प्रकाशन सुरू केले आहे. ती अभ्यासण्यासाठी संगणक, चिकाटी आणि वाट दाखवणारा शिक्षक लागतो. यांतील तिसरी गोष्ट छोट्या शहरांतील महाविद्यालयांत सर्वांत दुर्मीळ आहे, आणि खर्चाचा विचार तिथूनच सुरू व्हायला हवा.

अमेरिकेतील ब्रूकहेवन येथे इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर आकार घेत आहे. भारतीय संस्था त्याच्या तयारीत आहेत. त्याची विदा हाती येईल तेव्हा ती वाचणारे संशोधक आज महाविद्यालयात किंवा शाळेत असतील. त्यांच्यात उरल्याच्या भट्टीवर राबणाऱ्या कामगाराची मुलगी असेल का, हे आजच ठरते आहे.