सुट्टीचा रविवार कुणाचा?



थंडीच्या दिवसांत परदेशातून आलेला विद्यार्थ्यांचा एक गट सावेडीत तीन आठवडे मुक्कामाला होता. चौदा मुलंमुली, एकोणीस-वीस वर्षांची. सकाळी वस्तीतली बालवाडी, दुपारी गृहभेटी किंवा बचतगटाची बैठक, संध्याकाळी चर्चा. त्यांच्या क्षेत्रकार्याची जबाबदारी माझ्याकडे होती. आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांतीचा हवा, अशी अट त्यांच्याकडून आधीच आली होती. मी वेळापत्रकात प्रत्येक रविवारसमोर 'विश्रांती' असं लिहिलं आणि खाली सही केली.

पहिल्या रविवारी मुलं चांदबीबी महाल बघायला निघाली. त्यांचे डबे करायला स्वयंपाकाच्या मावशी पहाटे पाचला आल्या. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, वर चहाचे थर्मास. मुलं गेल्यावर खोल्या रिकाम्या मिळाल्या, म्हणून साऱ्या चादरी त्याच दिवशी धुवायला निघाल्या. संध्याकाळी मुलं दमून आली, तेव्हा जेवण नेहमीपेक्षा लवकर लागलं. थोडक्यात, विश्रांतीच्या दिवशी मावशींचं काम रोजच्याहून जास्त झालं.

दुसऱ्या रविवारी गटातल्या एका मुलीनं मला सहज विचारलं, "मावशींची सुट्टी कोणत्या वारी असते?" मी पटकन बोलून गेले, "अगं, त्या आम्हाला घरच्यासारख्याच आहेत."

हे उत्तर मला अजून टोचतं. समाजकार्याची पदवी घेतलेल्या, श्रमविभागणीवर शिबिरं घेणाऱ्या बाईच्या तोंडून ते आलं. घरच्या बाईला सुट्टी नसते, म्हणून घरच्यासारखीलाही नाही, इतकाच त्याचा अर्थ. प्रेमाचा शब्द वापरून आपण हक्क कसा गिळतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला दुसऱ्या कुणाच्या घरात शोधायला नको.

हा अनुभव मी बैठकीत सांगितला, तेव्हा दोघीतिघी म्हणाल्या, "परदेशी पोरांचे लाड फार. समाजकार्याला आलात ना, मग सुट्टी कसली?" मला हे पटत नाही. त्या मुलांची मागणी योग्यच होती. काम करणाऱ्या माणसाला विसावा हवा. चूक त्यांच्या मागण्यात नव्हती. ज्यांना ती मागता येत नव्हती त्यांना आपण मोजलंच नाही, ही चूक होती.

आणि विश्रांतीचा वार ही काही परदेशातून आलेली चैन नव्हे. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी तो मालकांशी झगडून मिळवला. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत हजारो कामगारांची सभा भरली, तिथं दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण सगळे जो रविवार उपभोगतो, त्यासाठी बायाही उभ्या राहिल्या होत्या. पण गिरणीतला पुरुष रविवारी घरी बसला आणि गिरणीतली बाई चुलीपुढं बसली. तिची सुट्टी उंबऱ्याशीच संपली.

आता 'स्वयंसेवा' या शब्दाकडे बघू. ही मुलं स्वयंसेवक म्हणून आली होती. त्यांना वस्तीत घरोघरी नेणारी आशाताईसुद्धा सरकारी कागदावर स्वयंसेविकाच. २००५ साली आरोग्य अभियान सुरू झालं, तेव्हापासून तिला पगार नाही, कामागणिक मोबदला. अंगणवाडी सेविका १९७५ पासून 'मानसेवी'. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा गौरव केला. तरी २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या आशांना आणि अंगणवाडी सेविकांना आपल्या मागण्यांसाठी संपावर जावं लागलंच. आमच्या गटाचा तिसरा रविवार नेमका पल्स पोलिओचा होता. मुलांच्या कागदावर विश्रांती, आशाताई सकाळपासून बूथवर. शब्द तोच, पण तीन आठवड्यांच्या स्वयंसेवकाला त्यात सुट्टी मिळते आणि वर्षानुवर्षांच्या स्वयंसेविकेला मिळत नाही. बाईच्या कामाला सेवा म्हटलं की तास मोजायचे नसतात, हीच ती सोय.

घरकामगारांचंही तेच. प्रोफेसर कॉलनीपासून पाईपलाईन रोडपर्यंत सकाळी सातला बघा, किती बाया लगबगीनं चाललेल्या असतात. महाराष्ट्रात २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं करार क्रमांक १८९ संमत केला. घरकामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती मिळाली पाहिजे, असं तो करार सांगतो. भारतानं अजून त्याला मान्यता दिलेली नाही.

यावर नेहमीचं उत्तर असतं, "त्यांनाच सुट्टी नको असते हो!" मीही हेच म्हणत आले. तिसऱ्या रविवारच्या आधी मावशींना विचारलं, तर त्यांनी उलट विचारलं, "खाड्याचे पैसे कापणार का?" नको असतो तो खाडा. सुट्टी नको, असं कुणी म्हणत नाही. ज्या दिवसाची मजुरी बुडते त्याला सुट्टी म्हणणं ही थट्टा आहे.

त्या रविवारी मावशींना भरपगारी सुट्टी दिली. मुलांनी स्वतः खिचडी केली, थोडी करपली, सगळ्यांनी खाल्ली, भांडीही घासली. सोमवारी मावशींना विचारलं, काल आराम झाला का? म्हणाल्या, "कसला आराम! गोधड्या धुतल्या, दळण आणलं, लेकीकडं जायचं राहूनच गेलं." घरात नवरा होता, कमावता मुलगा होता. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि करणारे पुरुष ८८. म्हणजे मालकानं सुट्टी दिली तरी अर्धाच प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा घरातल्या पुरुषांनी सोडवायचा आहे, आणि तो मागितल्याशिवाय ते सोडवणार नाहीत.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शिबिर असो, अभ्यासदौरा असो, पाहुण्या विद्यार्थ्यांचा मुक्काम असो, वेळापत्रकात स्वयंपाक, सफाई, गाडी आणि वस्तीतली सोबत करणाऱ्यांची नावं लिहा आणि प्रत्येक नावापुढं सुट्टीचा वार लिहा. तो भरपगारी असू द्या. त्या दिवशी शिबिरार्थींनी चूल सांभाळावी, पुरुषांनी आधी. आशा आणि अंगणवाडीच्या संघटना साप्ताहिक सुट्टी मागतील, तेव्हा आपण पाठिंब्याच्या पत्रकावर न थांबता त्यांच्याबरोबर बसू.

आणि स्वतःच्या संस्थेपासून सुरुवात करू. आठ मार्चच्या मेळाव्यात आपण समतेवर बोलत असतो, तेव्हा मंडपामागं भांडी कोण घासत असतं? तिच्या सुट्टीचा वार कोणता, हे तुमच्या गटात एकीला तरी सांगता येतं का? मला तीन आठवडे सांगता आलं नाही. तुमच्याकडे काय आहे, ते जरूर कळवा.